पाडव्याची घोडी

डोंबिवली पूर्व,
होळीनंतरचा रविवार

ती. अण्णांना,

आनंदचा वाकून नमस्कार (वाकता येईल तेवढा). वहिनींनाही सांगावा. तुमची साखर आटोक्यात आली असं कळलं. आनंद झाला, आणि नवलही वाटलं, कारण मागच्या खेपेस आमच्याकडचं श्रीखंडाचं पातेलं तुम्ही एकट्याने निपटलंत. इकडे माझी कंबर सोडून बाकी सर्व क्षेम आहे.

यंदा पाडव्याच्या शोभायात्रेत आमच्या सोसायटीच्या पथकापुढे घोड्यावर बसून मी जाणार, हे मी तुम्हाला, आमच्या व्याह्यांना आणि जिन्यात भेटलेल्या प्रत्येकाला सांगून ठेवलं होतं. (फेटा बांधून काढलेला फोटोही तुम्हाला पाठवला होता. त्यावर तुम्ही नुसता अंगठा पाठवलात.) दरवर्षी पुढे घोड्यावर जे कोणी बसतात ते धान्याचं पोतं ठेवल्यासारखे बसतात, म्हणून म्हटलं आपण रीतसर शिकून बसू. शहाडच्या पुढे नदीच्या अंगाला एक क्लास निघाला आहे. शिकवणारी ऋजुता नावाची मुलगी आहे, वय आपल्या मेघालीएवढं, आणि तोंड मात्र निवृत्त हेडमास्तरांचं. घोडीचं नाव शेवंती. ती रंगाने पांढरी आणि स्वभावाने सरकारी.

आता या लोकांचं शास्त्र ऐका. कान, खांदा, कंबर आणि टाच एका सरळ रेषेत हवी, टाच खाली, नजर वर, हात मऊ. एवढं सगळं एका वेळी सांभाळणारा माणूस घोड्यावर कशाला बसेल, तो सर्कशीत जाईल. मी रेषेत बसलो तर पोट रेषेबाहेर जाई, आणि घाबरून पाय आवळले की घोडी पळायला बघे, मग मी लगाम ओढे. ऋजुता म्हणाली, "काका, तुम्ही ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकत्र दाबताय. ही स्कूटर नाहीये." अण्णा, डोंबिवलीपासून वागळे इस्टेटपर्यंत मी आयुष्यभर स्कूटर चालवली, ती या पोरीने एका वाक्यात मोडीत काढली. पण खरा घात त्या सवयीनेच केला. फाटकापाशी शेवंती हळू झाली, आणि मी सिग्नलला टेकवतो तसा डावा पाय रिकिबीतून काढून सरळ जमिनीवर टेकवायला गेलो. जमीन बरीच खाली होती. आमची सौ. प्रमोदिनी फोटो काढायला आली होती, तिने तेवढ्यात व्हिडिओ काढला. (तो वहिनींना आलेला असेलच. आवाज बंद करून पाहावा.)

तेव्हापासून मला वर बसू देत नाहीत. आता खाली उभं राहून घोडीशी ओळख करायची म्हणे. याला ते ग्राउंडवर्क म्हणतात. इंग्रजी नाव दिलं की दोर धरून जनावर फिरवण्याचाही अभ्यासक्रम होतो. तिच्या खांद्याशी चालायचं, आपण थांबलो की तिने थांबायचं, ढकलायला लागली तर तिला मागे सरकवायचं, आणि हे सगळं न ओरडता. मी ओरडलो. शेवंतीने शांतपणे माझ्या बुटावर पाय ठेवला. शेवटी मी कंटाळून सगळ्या आज्ञा बंद केल्या आणि गुपचूप सावलीकडे निघालो, तर ही माझ्यामागे आली. मी थांबलो, ही थांबली. ऋजुताने टाळ्या वाजवल्या. मला त्यात टाळ्या वाजवण्यासारखं काही दिसलं नाही. उन्हात कुणालाही सावली हवी असते.

एकंदरीत घोड्यावर बसून मिरवणं हा पोरकटपणा आहे असं माझं मत झालं, आणि मी स्वतःहून नाव मागे घेतलं. व्याह्यांना तसंच सांगावं.

तुमचा,
आनंद

ता. क. : पाडव्याला याल तेव्हा वहिनींची जांभळी नऊवारी आणावी. प्रमोदिनीला हवी आहे. तिला कशाला, असं फोन करून विचारू नये. बरं, सांगतो. दोर धरून चालताना वर कुणीतरी बसायला हवं म्हणून हिला बसवलं, तर ही पाटावर बसावी तशी ताठ बसली. (हिची नजर खाली जात नाही, हे मला लग्नापासून माहीत आहे.) ऋजुता म्हणाली, "काका, ढोल वाजले की शेवंती फक्त तुमच्याबरोबर शांत राहील. काकू वर, तुम्ही खाली." सोसायटीत हे पाच मिनिटांत मंजूर झालं. एरवी तिथे पाण्याच्या टाकीचं झाकणसुद्धा मंजूर होत नाही.

ता. क. दुसरा : फडके रस्त्यावर देवळासमोर उभे राहू नका. सगळे ओळखीचे तिथेच असतात, आणि बायको घोड्यावर नि मी दोर धरून, हे व्याह्यांसमोर नको. बाजूच्या गल्लीत थांबा.

ता. क. तिसरा : गल्लीतून काही दिसायचं नाही. देवळासमोरच थांबा, अगदी पुढे. तिथे ताशे फार जोरात वाजतात. तिथे मी थांबेन, आणि शेवंती माझ्या खांद्याला तोंड लावून थांबेल. नोकरीत मी इतक्या माणसांना थांबा म्हटलं, अण्णा, माझ्यासाठी कुणी थांबलं नाही. घरातल्या कुणीतरी हे पाहायला हवं. येताना व्याह्यांनाही घेऊन या.