राखणदाराला वाहिलेलं विच हेझल

आचरा, मे २००४, मंगळवार संध्याकाळ

दाढी केल्यापासून गालांची नुसती आग. बोटीवरच्या मामाने दाढीनंतर लावायला विच हेझलचं पाणी आणलेलं. बाबांनी ती बाटलीच विलायती दारू समजून वडाखालच्या राखणदार देवाला वाहिली! त्या दगडाला ना दाढी, ना मिशी.

सांगावं की नको? शेवटी सांगितलंच. बाबा माझ्यावरच उखडले, "राखणदाराक दिल्ला परत घेवचा नाय!" पण माझे लाल गाल बघून वडाखाली घेऊन गेले आणि त्यांनी गाऱ्हाणं घातलं, "बा राखणदारा, झिलाक वायच तीर्थ दी."

मी मुकाट्याने "व्हय म्हाराजा" म्हटलं. देवापुढच्या बाटलीतले चार थेंब चोळले, गाल थंडगार.

परतताना बाबा स्वतःचा गाल चोळत म्हणाले, "उद्या दाढी केलंस की माका हाक मार. मीय येतंय तीर्थाक."