पाचव्या केंद्राचा फोन

३ तारीख, सोमवार

आले एकदाची! हे मोठं रुग्णालय आणि भोवतालची पाच आरोग्य केंद्रं आजपासून माझ्या हाताखाली. साथ ऐन भरात आहे, तरी मन प्रसन्न आहे. खोली ऐसपैस, खिडकीखाली ऑक्सिजन सिलिंडरची शेड. मेट्रन कडक, पण जीव लावणारी. माझ्यापुढे डबा सरकवून म्हणाली, आधी जेवा, साथ कुठं पळून जात नाही. आधीचे साहेब तडकाफडकी गेले, त्यामुळे कुणी काही समजावून दिलेलं नाही.

दुपारी चारला केंद्रांचे एकामागून एक फोन आले. पाचव्या केंद्राची सिस्टर सगळ्यांत नेटकं बोलते. चौदा रुग्ण आहेत, दोन सिलिंडर तरी पाठवा म्हणाली. लगेच पाठवले.

५ तारीख, बुधवार

पाचव्या केंद्राला रोज दोन सिलिंडर जातात, दुसऱ्या दिवशी रिकामे परत येतात. इथंही ओढाताण आहे. पण तिथला एकही रुग्ण दगावलेला नाही, याचं मला कोण कौतुक! एकच नवल वाटतं. फोनवर मागून कुणाच्या खोकल्याचा आवाज येत नाही.

६ तारीख, गुरुवार

ड्रायव्हरमामा चाचरत सांगत होते. तिथं दाराला कुलूप असतं, सिलिंडर व्हरांड्यात ठेवून येतो, दुसऱ्या दिवशी रिकामे उचलतो.

मेट्रनला विचारलं. ती म्हणाली, ते केंद्र महिन्यापूर्वीच बंद झालंय. सिस्टर ऑक्सिजन मागत राहिली, साहेब रोज ‘उद्या पाठवतो’ म्हणत राहिले. चौदाही रुग्ण एकाच दुपारी गेले. दोन दिवसांनी तीही.

चारला फोन आला. मी म्हटलं, त्या केंद्रात कुणीच नाही.

ती म्हणाली, “मग आम्ही कुठं आहोत, मॅडम?”

७ तारीख, शुक्रवार

सिलिंडर पाठवले नाहीत. जिवंत माणसांचा श्वास काढून कुणाला देऊ? फोनची वायर उपटली.

चारला आमच्या वॉर्डातले दोन सिलिंडर एकदम रिकामे. सकाळीच भरलेले होते. दोन रुग्ण गेले.

८ तारीख, शनिवार

आज पाच गेले. मिस्त्रीनं सगळ्या नळ्या तपासल्या. गळती कुठंच नाही.

वायर नसलेला फोन वाजला. उचलला. ती रागावलेली नव्हती, हेच भयंकर. म्हणाली, “सात झाले, मॅडम. अजून सात.”

९ तारीख, रविवार

मेट्रनला काही बोलले नाही. दोन सिलिंडर घेऊन ड्रायव्हरमामांच्या गाडीतून स्वतःच निघाले. तिला म्हणेन, हे घे, पण माझी माणसं सोड.

दुपार. केंद्रात आहे. कुलूप नव्हतं. चौदा खाटा. सातांवर माणसं — ओळखते मी त्यांना, आमच्याच वॉर्डातली — परवा, काल गेलेली —

सिस्टर पाठमोरी. म्हणते, सात माणसं, सिलिंडर दोनच. कुणाला लावायचं ते तुम्हीच ठरवा. साहेबांनी कधीच ठरवलं नाही.

सगळे माझ्याकडे बघताहेत. कुणी मागत नाही. नुसते बघतात —

सिलिंडर कुणाला लावायला हात धजत नाही. म्हणून लिहितेय. दार लागलंय. बाहेर ड्रायव्हरमामा हाका मारताहेत. ओ द्यायला तोंड उघडलं, पण आत हवाच —