काचेतल्या मेंढराचं जावळ

४ मे, सोमवार

मला मांजर नको होतं, कुत्रं नको होतं, आणि काचेतलं मेंढरू तर मुळीच नको होतं! ग्लाडीसने विचारलं का? नाही. कुठल्याशा बंद पडलेल्या दुकानातून जुना संगणक उचलून आणला, खिडकीखालच्या टेबलावर मांडला आणि जन्मदात्या आईला शिकवायला बसली. "यात मेंढरू आहे, आई. खायला घालायचं, न्हाऊ घालायचं, वाढवायचं. तुझा वेळ जाईल."

वेळेला मी कुठे धरून ठेवलंय? धरून ठेवलंय मला. पायाचं प्लास्टर निघून दोन आठवडे झाले, काठी टेकत चालते. तरी ग्लाडीस सकाळी शिवणाच्या कारखान्यात जाते ती बाहेरून कुलूप लावून. "परत पायऱ्यांवरून पडशील." या ला पाझच्या पायऱ्या मी पाठीवर पोर बांधून चढलेय — हीच ती पोर!

५ मे, मंगळवार

माऊस धरायला शिकले. बाण माशीसारखा पळतो. तासाभराने बसला मेंढरावर.

संगणकाने नाव विचारलं. नवऱ्याचं टाकलं — एउस्ताकियो. तोही असाच होता. खायचा आणि भिंतीकडे बघत बसायचा. एकेक अक्षर शोधून टाकलं. पन्नाशीनंतर संध्याकाळच्या वर्गात शिकले मी, पण शिकले.

६ मे, बुधवार

एउस्ताकियोच्या घराला दार रंगवलंय. वीस वेळा दाबलं. उघडत नाही. नुसतं चित्र.

७ मे, गुरुवार

मेंढरू आजारी! सकाळीच दिवसभराचा चारा एकदम घातला. बाजारात मी तशीच जेवते — पहाटे पोटभर, मग संध्याकाळपर्यंत जागचं हलायचं नाही. हे फुगून आडवं पडलं. याला थोडं थोडं लागतं, पाच वेळा. मग दिवसभर मी काय याची मोलकरीण?

जागेवरून आठवलं. झोप येत नाही त्याच्याच पायी. बाजारातली माझी जागा, बावीस वर्षांची, वाळवलेल्या बटाट्यांची. संघाचा नियम — तीन सभांना नाव पुकारल्यावर उत्तर आलं नाही तर जागा दुसरीला. पायामुळे दोन सभा हुकल्या. तिसरी १७ तारखेला, रविवारी. ग्लाडीस म्हणते, "मी देते ना हजेरी, आई. तू मेंढरू सांभाळ."

आणि माझ्या शेजारी बसते कासिल्दा. शेंगांची पोती रोज वीतभर माझ्याकडे सरकवते. मी दोन महिने नाही म्हटल्यावर आता तर पाय पसरून बसली असेल.

९ मे, शनिवार

पाच वेळा खाल्लं. एकदा नाचलं. नाचून जायचं कुठे?

११ मे, सोमवार

आज कासिल्दा गल्लीतून जाताना खिडकीच्या गजांशी थांबली. "काय गं मेल्कोरा, पिंजऱ्यात बरं वाटतंय का?"

"तुझ्या शेंगांना जागा पुरतेय ना?" म्हटलं.

हसली. पण नजर चुकवली. ही बाई माझ्या जागेवर टपलीय, लिहून ठेवते.

१३ मे, बुधवार

एउस्ताकियोची लोकर डोळ्यांवर आलीय. पडद्यावर कात्री आली — दाबा म्हणे. मी हात काढून घेतला. पहिली लोकर अशी कोणीही कापायची असते का? जावळ आहे ते! जावळाची पहिली बट धर्माच्या आईने कापायची. आणि जिने कापली ती पोराच्या आईची कोमाद्रे झाली — बहिणीपेक्षा वरचं नातं. कोमाद्रेशी भांडायचं नाही. कोमाद्रेच्या जागेला हात लावायचा नाही. सगळा बाजार थुंकेल तोंडावर.

कात्री तशीच ठेवली. डोकं चालायला लागलंय माझं.

१४ मे, गुरुवार

टेबल खिडकीला भिडवलं. अर्धा तास लागला, पाय ठणकतोय. कासिल्दा आली तशी हाक मारली.

"मेंढराचं जावळ?" म्हणाली. "पायाबरोबर डोकंही मोडलं का गं?"

"कापतेस की घाबरतेस?"

"मी? काचेतल्या मेंढराला?" गजांतून हात घातला, कात्री दाबली. एक बट खाली पडली. एउस्ताकियो ओरडला. मी आधीच फाडून ठेवलेले रंगीत कागदाचे तुकडे तिच्या टोपीवर उधळले. "झालीस कोमाद्रे!"

तिला वाटलं होतं थट्टा. पण कागद पडले की नातं पक्कं, आणि तिचं तोंड उतरलं. टोपीला हात लावला, पण एक तुकडाही झटकला नाही. तशीच टोपी घेऊन गेली. सापडली!

१५ मे, शुक्रवार

कासिल्दा सकाळीच आली. बाजार टाकून. गज धरून रडायलाच लागली.

"कोमाद्रे, मी टपले नव्हते गं. मला दिलीय ती जागा. तुझ्या ग्लाडीसने. कागद आहे माझ्याकडे. म्हणाली, आईनेच सोडली, आता बसवत नाही तिला. रविवारी तुझं नाव पुकारलं की ती उठून सांगणार आणि माझं नाव चढणार."

"कागदावर सही कुणाची?"

"सही नाही. तुझा अंगठा."

मी सही करते. बारा वर्षं झाली, अंगठा कुठेच दिला नाही. इस्पितळात सुईच्या गुंगीत होते, तेव्हा ग्लाडीस माझा हात धरून बसली होती. मला वाटलं मायेने.

१६ मे, शनिवार

ग्लाडीसला काही बोलले नाही. तिने सूप वाढलं. प्यायले. "एउस्ताकियो किती वाढला!" म्हणाली. म्हटलं, हो, खाऊन-पिऊन बसून आहे.

१७ मे, रविवार

ग्लाडीस सभेला गेली, कुलूप लावून. आता दाराबाहेर कासिल्दा आहे, तिच्याबरोबर कुलूपवाला. कागद तिने गजांतून आत दिलाय — फाड म्हणाली. नाही फाडला. शालीच्या टोकाला बांधलाय, संघाला दाखवायला. करवत चाललीय.

लिहून ठेवते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की सांगितलं नव्हतं. माझं नाव पुकारलं की ग्लाडीसने उठायचं नाही. कासिल्दानेही नाही. सगळ्यांनी तोंडं मिटून बसायचं, मला चढून यायला कितीही वेळ लागू दे. उत्तर मी देणार.