बंदिखान्यातली मोजणी

सोमवार, १२ जानेवारी
‘कल्याण-डोंबिवलीकरांनो, आपली माणसं तुरुंगात मेली आणि त्यांची नावंसुद्धा आपल्याला कुणी सांगितली नाहीत!’ रविवारच्या भाषणाची ही सुरुवात सुचली आणि सोलापूरहून आल्याचा शीण निम्मा उतरला. नौपाड्यात संचिताकडे उतरले आहे. रविवारची कल्याणची सभा तिनेच ठरवली. जेवायला वालाचं बिरडं. तीस वर्षं बोलून घसा झिजलाय म्हटलं, तर म्हणते, बाई, तुम्ही नुसत्या उभ्या राहिलात तरी चारशे माणसं जमतील. लबाड!

मंगळवार, १३ जानेवारी
खाडीकाठचा जुना बंदिखाना पाहिला. मिठागरांतले मजूर इथे कोंडलेले. आता तिकीट काढून बघता येतो. आम्ही बारा जण. रखवालदार पंढरीने बजावलं, आत कुणाच्याही नावाला ओ द्यायची नाही हां बाई. पाचला कैद्यांची मोजणी व्हायची, ती अजून जुळलेली नाही. मला संताप आला. आमच्या चळवळीत मेलेल्याचं नाव वाचतात आणि सभा ‘हजर’ म्हणते. भिंतीवरच्या मेलेल्यांच्या यादीतलं पहिलंच नाव, तानाजी, मी मोठ्याने वाचलं आणि ‘हजर!’ म्हटलं. रविवारी सभेत वाचायला सगळी यादी उतरवून घेतली.
बाहेर पंढरीने अकरा मोजले आणि कुलूप लावलं. मोजतासुद्धा येत नाही, असं मी सुनावलं. त्याने वर पाहिलं नाही.

बुधवार
वागळे इस्टेटमध्ये कामगारांची बैठक. मी, संचिता, तिच्या दोन मैत्रिणी. फाटकावरच्या वहीत शिपायाने तीन लिहिलं. पाच वाजता बोलता बोलता माझे पाय आपोआप दुमडले. उकिडवी बसले. बैठकीत कुणी वळूनही पाहिलं नाही. शेजारी, मला चिकटून, कुणीतरी बसलं. खाऱ्या चिखलाचा वास.

गुरुवार
संचिताने चहाचा एकच कप केला. मी समोरच. ती सगळ्यांना फोन करून विचारतेय, बाई कुठे गेल्या, मोबाइलही इथेच पडलाय. मी तिला दंड धरून हलवलं. थंडी वाजल्यासारखी शाल ओढून घेतली तिने.

शुक्रवार
पाच. कैद्यांची ओळ. मला मोजलं. माझ्यामागे सरकून सरकून जागा करतायत — खूप जागा —

शनिवार
उद्या सभा होणारच. बाईंच्या वतीने यादी मी वाचेन, म्हणतेय संचिता. दोनशे नावं. प्रत्येकाला चारशे जण एकदम ‘हजर’ —
पेन अजून धरता येतं. वही तिच्या उशाशी ठेवते.
संचिता, यादी जाळ. आत्ता. एकही नाव वाचू न—