आधी मोठ्यांची हाक

१२ जानेवारी
मेले मी शरमेनं. दुकानात पालिकेच्या वकीलबाईंच्या कोटाचं अस्तर उसवत होते, तोच बाहेर घोषणा. आपल्या लोकांची पोरं — आणि पुढे माझी नात! हातात फलक: आमच्या भाषेतून शाळा द्या.

वकीलबाई हसल्या. ''हे रानातलं बोलणं शाळेत शिकवायचं म्हणे. मावशी, यातलं कुणी ओळखीचं आहे का?''

''नाही बाई.''

नात दारातच होती. थांबली. माझ्याकडे बघत राहिली, मग गेली पुढे. समोरचा इस्त्रीवाला दादा — एरवी निखाऱ्यापेक्षा त्याची जीभ गरम — तोही मान खाली घालून एकाच सदऱ्यावर इस्त्री फिरवत बसला. त्याला माझी लाज वाटली असणार.

गिऱ्हाईक तुटू नये म्हणून लांब बाह्यांखाली आपल्या जमातीचं गोंदण झाकलं, ते एक झालं. पण पोटच्या पोरीची पोर?

१३ जानेवारी
नात काही बोलली असती तर बरं झालं असतं. उलट माझे गुडघे चोळून दिले.

१५ जानेवारी
लेकीपाशी मन मोकळं केलं. ती म्हणाली, ''रागावली नाहीये गं ती. तुझ्या हाकेसाठी थांबली होती. तूच नाही का शिकवलंस?''

मीच! घराबाहेर आपल्या माणसाची गाठ पडली की आधी मोठ्यांनी हाक मारायची, 'ये गं, आपल्या झऱ्याची.' तोवर धाकट्यांनी तोंड उघडायचं नाही. म्हणजे भर रस्त्यात पोरीनं रीत पाळली, आणि मी बसले अस्तर उसवत.

लेक म्हणाली, उद्या पालिकेत शाळेच्या अर्जावर सुनावणी आहे. साहेबांचं म्हणणं, ही भाषा शहरात बोलतंच कोण? एक तरी जुनं माणूस आणा, नाहीतर अर्ज निकालात. पोरं दारोदार फिरली, कुणी तयार नाही. मला मात्र विचारलं नाही. कोणत्या तोंडानं विचारणार — मीच तर तिला अनोळखी ठरवलेलं.

१६ जानेवारी
गेले. बाह्या कोपरापर्यंत दुमडून. वकीलबाई साहेबांशेजारीच होत्या. तरी दारातूनच नातीला हाक मारली, आपल्या भाषेत. पोरगी 'आले गं' म्हणाली आणि रडायलाच लागली.

तेवढ्यात मागच्या बाकावरून म्हातारा आवाज आला — ''ये गं, आपल्या झऱ्याची.'' ही हाक मला होती. वळून बघते तर इस्त्रीवाला दादा! वयानं माझ्याहून मोठा. इतकी वर्षं समोरासमोर दुकानं आमची.