पोटाच्या ओळी

मंगळवार, ४ नोव्हेंबर

पोट! पोट! पोट! सकाळपासून पाच पत्रं उतरवून काढली, पाचांतही हेन्री ऑल्डरविकसाहेबांचं पोट. हा माणूस दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडात बसून शेवाळावर संशोधन करायचा आणि इथे जर्मनीत, एर्लांगेनच्या डॉक्टर फेल्डमानला पत्रं लिहायचा. दोन ओळी शेवाळावर, वीस पोटावर. जवाची लापशी पचली नाही, थंड पाण्यात कमरेपर्यंत बसून पाहिलं... फेल्डमान बिचारा दर वेळी मन लावून उत्तर देतो. वर नवीन काढा सुचवतो!

ज्यांच्यासाठी मी ही पत्रं उतरवतेय त्या फ्राऊ प्रोफेसर म्हणाल्या, छापायच्या पुस्तकात फक्त शास्त्र ठेवायचं, पोटाच्या ओळी गाळायच्या. म्हटलं, गेनाऊ, अगदी बरोबर! निम्मं काम वाचलं. गाळायच्या ओळींची यादी २८ तारखेला द्यायची आहे.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

ब्राउनश्वाइगहून सुधाचा व्हॉइस मेसेज — अकरा मिनिटं! मान, पित्त, डावी दाढ, गळ्याशी काहीतरी हाताला लागतंय, डॉक्टरच्या भेटीचा टेर्मिन, तारीखच मिळत नाही. पुण्याच्या हॉस्टेलवर एका खोलीत राहायचो तेव्हापासून बाईसाहेब अशाच. मोटारींची एवढी मोठी इंजिनिअर झाली, पण स्वतःचा एक पार्ट धड नाही!

बसमध्ये मला हसू आवरेना. लगेच लिहिलं — दिवसभर ऑल्डरविकचं पोट, संध्याकाळी तुझं पित्त. आता महिनाभर तब्येतीचा एक शब्दही काढायचा नाही. शपथ आहे तुला!

"बरं बाई." पुढे जीभ काढलेलं तोंड.

बुधवार, १२ नोव्हेंबर

चमत्कार! सुधाने शपथ पाळली. "मी मस्त. तुझा साहेब काय म्हणतो?" बस, एवढंच.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

पाकिटात शेवाळ सापडलं! खरं, ऑल्डरविकने स्वतः घडी घालून ठेवलेलं! अजून हिरवट आहे. मी खुर्चीतून उठून नाचलेच. अर्काइव्हच्या बाईंनी डोळे वटारले, मग त्यापण वाकून बघायला लागल्या.

सुधाला सांगितलं. "वा वा! मी पण मस्त." किती शहाणी झाली पोरगी. मी तिला आधीच दम द्यायला हवा होता.

सोमवार, २४ नोव्हेंबर

पोहे करपले. धुराचा अलार्म वाजला, शेजारच्या आजोबांना पोहे म्हणजे काय ते दारात उभं राहून समजावलं. सुधा — "एकदम मस्त!"

गुरुवार, २७ नोव्हेंबर

उशीर झालाय. तरी लिहिते.

फेल्डमान आपल्या पत्रांच्या नकला ठेवायचा. त्यातली एक आज हाती आली. थट्टेतच लिहिलंय — मित्रा, एखादं पत्र पोटाशिवाय लिहून बघ की! त्यानंतर ऑल्डरविकची तीन पत्रं. सगळं शेवाळच. "प्रकृती उत्तम." मी खुशीत भराभर उतरवत होते, गाळायला काही नाही म्हणून!

चौथं पत्र त्याच्या बहिणीचं. काळ्या किनारीच्या कागदावर. भाऊ चार महिने अंथरुणाला होता, परवा गेला. तुम्हाला कळवू दिलं नाही. म्हणायचा, फेल्डमानला माझ्या दुखण्यांचा कंटाळा आलाय.

 मग मोबाईल काढून सुधाचे मेसेज वर वर सरकवत गेले. मस्त. मी पण मस्त. एकदम मस्त. तीन आठवडे! सुधा, आणि एकही दुखणं नाही?

गळ्याशी काहीतरी हाताला लागतंय, म्हणाली होती. मी हसले होते. बसमध्ये, मोठ्याने.

चार वेळा फोन केला. उचलत नाही. मेसेज आला — "मीटिंगमध्ये. मस्त आहे गं."

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

यादी कोरी दिली. "म्हणजे सगळं पोट ठेवायचं?" फ्राऊ प्रोफेसर तडकल्याच. मी बहिणीचं पत्र पुढे सरकवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढला. "आल्झो, बरं तर," म्हणाल्या, "ठेवा."

सोमवारची रजा मागितली, तीही दिली. उद्या पहाटेची गाडी. सुधाला सांगणार नाही, नाहीतर नको म्हणेल.

शनिवार, २९ नोव्हेंबर, ब्राउनश्वाइग

दार सुधानेच उघडलं. पॅसेजमध्ये भरलेली बॅग, तिच्यावर हॉस्पिटलचे कागद. गळ्यात गाठ आहे, सोमवारी ऑपरेशन. एकटीच जाणार होती.

"का नाही सांगितलंस?" मी ओरडलेच.

"तूच शपथ घातलीस ना, दीपे."

मग दोघी तिथेच बॅगेशेजारी बसून रडलो. पोटभर. चहा मी केला. पहिला घोट घेऊन म्हणाली, साखर कमी आहे. आणि मानही अवघडलीये, पण जाऊ दे.

जाऊ दे काय! म्हटलं, सुटली शपथ. डाव्या दाढेपासून सुरू कर.