तळ्याच्या तळावरचं गवत

२ सप्टेंबर, सकाळ

तळं गेलं, दर वर्षीसारखं. मधल्या खळग्यात थोडं चकाकत होतं, तेही आज सकाळी तळातल्या भोकांनी गिळलं. आता यावोर्निक डोंगराच्या पायथ्यापर्यंत सपाट हिरवं. जिथे मे महिन्यात होड्या चालतात तिथे आज सायकल चालवली.

ताईने नाश्त्याआधीच हातात लांब दांड्याचा विळा दिला. म्हणाली, वरचं कुरण या उन्हाळ्यात करपलंय, पाच गाईंचा हिवाळा आता तळ्यातल्या आपल्या पट्ट्यावर आहे. ते गवत कापून, वाळवून, गावातल्या मांडवात आलं पाहिजे, पाणी परत यायच्या आत. नाहीतर गाई विकायच्या. दाजींचा पाय जुलैपासून कमरेपर्यंत प्लास्टरमध्ये. जंगलात फरचं झाड अंगावर आलं. म्हणजे पुरुष माणूस मी एकटाच.

म्हटलं, नेझाताई, मी आलोय ना आता.

ती वळून गोठ्याकडे गेली. बहुतेक भरून आलं असावं.

४ सप्टेंबर

कापणी सुरू. तासाभरात एक जबरदस्त कल्पना सुचली म्हणून थांबावं लागलं. सगळ्या स्लाव मुलखांचा एकच मोठा भूगोल लिहायचा. बाल्टिकच्या वाळूपासून बल्गेरियाच्या डॅन्यूबपर्यंत. चार वर्षं मी हेच फिरलो. पोलंडच्या दलदलीत एक अख्खा हंगाम काढला (जॅमच्या कारखान्यात खोकी उचलली, पण खिडकीतून दलदल दिसायची). असं पुस्तक लिहायला माझ्याइतका लायक माणूस सापडणार नाही. शाळा अर्धवट सुटली हे उलट बरंच झालं. डोकं मोकळं राहिलं.

पहिलं वाक्य तयार आहे: 'स्लाव माणूस कुठेही गेला तरी त्याला सूप मिळते आणि लग्न कधी करणार असे विचारले जाते.'

८ सप्टेंबर

शेवटच्या डबक्यांत मासे अडकलेत. पाइक मासे मांडीएवढे. दर वर्षी गाव टब घेऊन उतरतं आणि त्यांना खोल पाण्यात नेऊन सोडतं. हे सार्वजनिक काम. मी दोन दिवस दिले. ताई म्हणाली, मासे वाचवायला अख्खं गाव आहे, गवताला तूच आहेस. बायकांना समाज ही गोष्ट कळत नाही.

एक पाइक वाचवता आला नाही. खाल्ला.

१२ सप्टेंबर

कापणी संपली! अर्ध्याहून जास्त शेजारच्या व्हेंत्सेलने कापलं, पण कुठून सुरुवात करायची ते मी सांगितलं होतं.

पाठ दुखतेय. दाजींनी प्लास्टरवर पेन्सिल वाजवत विचारलं, मेहुणेबुवा, पाठ तुमची दुखतेय की व्हेंत्सेलची? आजारी माणूस चिडचिड करतोच. मी मनावर घेत नाही.

१६ सप्टेंबर

गंज्या रचून झाल्या. जागा मी निवडली, तीही डोकं वापरून. इतर लोक काठाकडे रचतात, तिथे जमीन चिकट. मी रचल्या नगाऱ्याजवळ. नगारा म्हणजे आमच्या पट्ट्यातलं मोठं भोक. पाणी आत जाताना आतून असा दणका येतो की गावातल्या खिडक्या थरथरतात. आता विचार करा: जिथून सगळं पाणी गेलं तीच जागा सगळ्यात कोरडी असणार. साधा भूगोल!

उर्शा आजी काठी टेकत बघायला आल्या. म्हणाल्या, अरे बाळा, नगारा पितो तसा ओकतोही. मी आदराने ऐकून घेतलं. काही भोकं फक्त पितात, काही ओकतात, हे मलाही माहीत आहे. नगारा पिणाऱ्यातला. लहानपणापासून मी त्याला पितानाच पाहिलाय. ओकताना पाहायला मी इथे नव्हतो, पण तो वेगळा मुद्दा.

२० सप्टेंबर, संध्याकाळ

व्हेंत्सेल आला. आमच्याकडे रीत अशी की ज्याचं गवत आधी वर गेलं तो मागे राहिलेल्याचं ओढून देतो. म्हणाला, शनिवारी ट्रॅक्टर मोकळा आहे, चार माणसं आणतो, दुपारपर्यंत तुमचं मांडवात.

मी नको म्हटलं. एक तर गवत अजून हवं तसं वाळलेलं नाही, ओलं मांडवात घातलं तर कुजेल. दुसरं म्हणजे, ताईने काम माझ्यावर सोपवलंय. अख्ख्या गावाने येऊन उचललं तर माझं काय राहिलं? आणि माझ्या अंदाजाप्रमाणे नोव्हेंबरच्या आधी पाणी येत नाही.

व्हेंत्सेल म्हणाला, का, तळं येताना तुला तार करणार आहे?

मी हसलो. माणूस गमत्या आहे.

ताईने विचारलं, व्हेंत्सेल काय म्हणत होता? सांगितलं, त्याच्या ट्रॅक्टरला काम आहे. यात खोटं काही नाही. ट्रॅक्टरला कुठे ना कुठे काम असतंच.

२३ सप्टेंबर

शनिवार. घोडागाडी घेऊन सुरुवात करणार होतो. पण पुस्तकाचं दुसरं प्रकरण डोक्यात उकळत होतं: डोंगर. तात्रा ते बाल्कन. एकदा उकळलं की थांबवता येत नाही. सोमवारी नक्की.

२५ सप्टेंबर

सोमवार. घोड्याचा नाल सैल.

२९ सप्टेंबर, दुपार

यंदा बीचच्या झाडांना बिया लगडल्यात, त्यामुळे पोल्ख माजलेत. उंदराच्या जातीचे हे प्राणी, खारीपेक्षा गुबगुबीत, झाडाच्या ढोलीत बसून नुसते खातात. असा हंगाम पाच-सहा वर्षांतून एकदा येतो. सगळे पुरुष सापळे घेऊन यावोर्निकवर. मीही गेलो, सलग तिसरी रात्र. दिवसा झोपावं लागतं, त्याला इलाज नाही.

हे मी स्वतःसाठी करत नाही. पोल्खाची चरबी हाडाला उत्तम. दाजींच्या पायाला चोळणार. दाजी म्हणाले, प्लास्टरवरून चोळणार का? मुद्दा बरोबर आहे. तोपर्यंत रस्सा केला.

ताईने रस्सा घेतला नाही. आंबट कोबी आणि घेवडा खाल्ला. मग उठून बराच वेळ गोठ्यात होती. आत डिम्काशी बोलत होती. डिम्का ही तिची लाडकी गाय, हिच्या जन्माच्या वेळी ताई गोठ्यातच झोपली होती म्हणे. काय बोलत होती ते ऐकू आलं नाही. मला बघून थांबली.

१ ऑक्टोबर

दाजी आज कुबड्यांवर दारापर्यंत आले. स्नेझ्निक डोंगराच्या डोक्यावर काळ्या ढगांची टोपी बसलीय, ती बराच वेळ बघत राहिले. मग मला म्हणाले, मातेव्झ. (मेहुणेबुवा नाही म्हणाले.) म्हणाले, मातेव्झ, मला चालता आलं असतं तर मी तुझ्याकडे काहीही मागितलं नसतं. उद्या गवत आण.

म्हटलं, उद्या नक्की.

का कोण जाणे, रात्री पोल्खांवर गेलो नाही. झोपही लागली नाही नीट.

२ ऑक्टोबर, रात्र

दोन गाड्या आणल्या! खरंच आणल्या. घाम गाळला. गंज्या फारशा कमी झालेल्या दिसत नाहीत, पण सुरुवात महत्त्वाची.

ट्रान्झिस्टरवर बातमी: डोंगरात मुसळधार पाऊस. इथे डोक्यावर स्वच्छ निळं आकाश. पाऊस तिकडे, गवत इकडे. मध्ये अख्खा डोंगर. संध्याकाळी तिसरी गाडी आणणार होतो, पण व्हेंत्सेलच्या अंगणात पोल्ख भाजत होते आणि तिथे पुस्तकाचा विषय निघाला. लोकांना फार रस आहे. कोणी तरी म्हणालं, मातेव्झ, तुझ्या भूगोलात आपलं तळं आहे की नाही? म्हटलं, आहे, शेवटच्या प्रकरणात.

व्हेंत्सेल म्हणाला, उद्या पहाटे येतो, तू हो म्हण किंवा नको म्हण. हो म्हटलं. मनाचा मोठेपणा.

३ ऑक्टोबर

उशिरा जाग आली. कुठेतरी ढोल वाजत होता. वाटलं, पलीकडच्या गावात वरात. कूस बदलली. मग लक्षात आलं की काचा थरथरतायत.

नगारा.

धावलो. ताई आधीच खाली होती, गुडघाभर पाण्यात, दाताळ्याने गवत ओढत. व्हेंत्सेलचा ट्रॅक्टर काठावरच्या चिखलात रुतलेला. पाणी आकाशातून येत नव्हतं. आकाश निळंच होतं. भोकातून वर उसळत होतं, गढूळ, माणसाच्या उंचीचं. पहिली गंजी त्याने सरळ उचलली. दुसरी फिरली. मग सगळ्या हळूहळू निघाल्या, जणू कुणी हाक मारलीय.

दाजीही आले होते. कुबड्यांवर, उतारावरून, हातात दाताळं. कोणी आणलं नव्हतं, एकटे आले. मी ओरडलो, दाजी, तुम्ही कशाला! त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मग कुबडी रुतली आणि पडले. प्लास्टर भिजलं. व्हेंत्सेलने आणि मी उचललं. त्यांचा चेहरा माझ्या खांद्यावर होता. रडत नव्हते. नुसता जोरजोरात श्वास घेत होते.

माझ्या डोक्यात होडीची कल्पना आली. गंज्या तरंगतायत तर दोर बांधून ओढता येतील. होडी काढली, एका गंजीला दोर बांधला. ओढली की ती सुटायची आणि बुडायची. कल्पना चुकीची नव्हती. दोर बारीक होता.

६ ऑक्टोबर

तळं काठोकाठ. सुंदर दिसतं, हे मान्य करायला हवं. बदकंही आली.

मांडवात माझ्या दोन गाड्या. त्या मी आणल्या, हे कोणी बोलत नाही.

डॉक्टरांनी दाजींचा पाय पुन्हा बांधला. डिसेंबरपर्यंत तरी.

व्हेंत्सेल पायाची चौकशी करायला आला होता. स्वयंपाकघरात ताईला म्हणाला, नेझा, मी गेल्या महिन्यात त्या शनिवारीच ओढून देणार होतो गं, तुझ्या भावाने नको म्हटलं. सहज म्हणाला, त्याला काय माहीत. मी दारात होतो. ताईच्या हातात कोबीचा गड्डा होता. तो तिने नीट चिरून पूर्ण केला. मग म्हणाली, अच्छा.

एवढंच. ओरडली असती तर मला खुलासा करता आला असता. माझ्याकडे खुलासा तयार होता.

१० ऑक्टोबर

मी हातावर हात ठेवून बसणारा माणूस नाही. गावात घरोघर फिरलो, गवत मागितलं. सगळ्यांनी दिलं. कोणी अर्धी गाडी, कोणी खांद्यावर मावेल तेवढं. उर्शा आजींनी टोपलीभर दिलं आणि म्हणाल्या, तुझ्यासाठी नाही हो देत.

संध्याकाळी दाजींनी खाटेवरून हिशेब केला. दोन गाईंपुरतं. मी म्हटलं, कदाचित तीन, गाईंनी जरा बेताने खाल्लं तर. कोणी हसलं नाही. मी विनोद केलाही नव्हता.

१४ ऑक्टोबर

व्यापाऱ्याचा ट्रक आला. तिघींना नेलं. डिम्काही. दाजी म्हणाले होते, डिम्का राहू दे, म्हातारी लिसा जाऊ दे. ताई म्हणाली, लिसाला कोण घेणार? दुभती असेल तीच विकली जाते.

दोघी चढल्या. डिम्का फळीवर पाय ठेवेना. मी मागून ढकललं, व्यापाऱ्याने ओढलं, तिने खूर रोवले. ताई म्हणाली, सोडा तिला. आणि स्वतः फळीवरून वर गेली, ट्रकच्या आत, पाठ करून. डिम्का तिच्या मागोमाग मुकाट चढली. ताई आत थोडा वेळ होती. मग एकटी उतरली आणि व्यापाऱ्याला म्हणाली, लाव फळी.

मी ट्रकची कडी लावायला मदत केली.

१५ ऑक्टोबर

विचार केला आणि निर्णय पक्का. पुस्तक बाजूला. बल्गेरियाला जायचं होतं, तेही रद्द. हा हिवाळा इथेच. ताईचं ओझं हलकं करायचं. पहाटे पाचला उठून गोठा माझ्याकडे: शेण, पाणी, धार, सगळं. धार काढता येत नाही, पण शिकेन. माझ्यासारख्या माणसाला अवघड काय?

जेवताना जाहीर केलं. दाजींनी पावाचा तुकडा सूपात बुडवला. ताई म्हणाली, बरं.

१६ ऑक्टोबर, पहाटे

उठलो. खरोखर पाचला. बाहेर काळोख, तळ्यावर धुकं. गोठ्यात कंदील लागलेला. ताईची धार काढून झाली होती, शेण उचलून झालं होतं, पाणीही ठेवलेलं. रिकाम्या झालेल्या तीन जागा तिने झाडून स्वच्छ केल्या होत्या.

म्हटलं, ताई, मी करणार होतो.

ती म्हणाली, दोनच तर आहेत. माझं मी बघते. तू झोप.